सकाळी यूएसबी लावलेलं असलं की कॉम्प्युटर उठत नाही

तक्रार साधारण अशी असते. कॉम्प्युटर चालू केला की पंखा फिरतो आणि थांबतो. नाहीतर कंपनीच्या लोगोवर अडकून बसतो. नाहीतर विंडोजचे ठिपके गोल गोल फिरता फिरता निळी स्क्रीन येते. मागच्या सगळ्या वायरी उपटल्या की मुकाट्याने सुरू होतो, मग वायरी परत लावल्या तरी दिवसभर कुरकुर नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात मी घरांत आणि दुकानांत कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो, आणि ही तक्रार महिन्यातून एकदा तरी माझ्या वाट्याला येतेच.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: सगळं काढा आणि एकेक लावून बघा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. एकेक लावून बघेपर्यंत मशीन गरम झालेलं असतं, मग काहीही लावा, चालतं. किंवा उलट, शेवटी जे हाताला लागलं त्याच्यावर खापर फुटतं. लालबागच्या एका दुकानात मी असाच एका वेबकॅमवर आळ घेतला होता. ती गोष्ट पुढे सांगतो, कारण त्या एका मशीनपायी मला तीन हेलपाटे पडले आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं.

आधी बघा, मशीन मरतं कुठे

वायरी उपटायच्या आधी एकदा शांतपणे बसून बघा. मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर उत्तमच. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत मशीन चार मुक्काम घेतं, आणि कोणत्या मुक्कामावर गाडी थांबते यावरच पुढचं सगळं ठरतं.

पडद्यावर काहीही दिसायच्या आधीच मेलं, म्हणजे पंख्याने गिरकी घेतली आणि सगळं थंड, तर विंडोजचा इथे काडीचाही संबंध नाही. ते अजून जागंच झालेलं नाही. ड्रायव्हर (विंडोजला एखादी वस्तू चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर), व्हायरस, अपडेट, सगळे निर्दोष. अशा वेळी 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. संशय घ्यायचा तो विजेवर: एसएमपीएस (भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा), मदरबोर्ड (सगळे भाग जिथे जोडलेले असतात ती मुख्य पाटी), शॉर्ट झालेला पोर्ट.

लोगोवर किंवा काळ्या पडद्यावरच्या लुकलुकत्या रेघेवर अडकलं तर तो बायोसचा मुक्काम, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डमधल्या छोट्या प्रोग्रामचा. बायोस जोडलेल्या प्रत्येक वस्तूला हाक मारून विचारतो, तू कोण, तुझ्यात विंडोज आहे का? पेन ड्राइव्ह राहून गेला असेल आणि बायोसमध्ये यूएसबीचा नंबर हार्ड डिस्कच्या आधी असेल, तर तो त्या पेन ड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो. मोठ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कसमोर काही जुने बायोस अक्षरशः थिजतात. आणि एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. बऱ्याच ऑल-इन-वन प्रिंटरांना मेमरी कार्ड घालायची खाच असते. तुम्ही ती जन्मात वापरली नसेल, पण बायोसच्या लेखी तो एक ड्राइव्हच, आणि तो उत्तर देईपर्यंत बायोस ताटकळतो.

ठिपके फिरायला लागल्यावर निळी स्क्रीन आली किंवा मशीन रिस्टार्ट झालं तर ड्रायव्हर. आणि डेस्कटॉप आल्यावर मिनिटभराने अडकलं तर बहुतेक वेळा त्या वस्तूबरोबर आलेलं एखादं आगाऊ सॉफ्टवेअर, जे विंडोजबरोबर आपोआप उठतं. ते टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून बंद केलं की झालं. त्यावर जास्त डोकं लावायची गरज नाही.

दुसरा प्रश्न: मशीन 'थंड' होतं का? रात्रभर भिंतीवरचा स्विच बंद असणं, नुसतं शट डाउन केलेलं असणं आणि रिस्टार्ट मारणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन म्हणजे पूर्ण बंद असं राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था हार्ड डिस्कवर लिहून झोपतं आणि सकाळी तीच वाचून उठतं. रिस्टार्ट मात्र खरोखर कोऱ्या पाटीने होतो. त्यामुळे 'रिस्टार्टला कधीच त्रास नाही, सकाळी चालू करताना मात्र निळी स्क्रीन' असं असेल तर पहिल्यांदा फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि तिथली टिक काढा. टिक फिकट दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज' ओळीवर आधी क्लिक करावं लागतं. मशीनमध्ये एसएसडी असेल तर उठायला फार तर काही सेकंद जास्त लागतील.

लालबागचे तीन हेलपाटे

चिवडा गल्लीपासून जवळच, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. वहिनी एकट्या चालवतात. कॉम्प्युटर आठ-नऊ वर्षांचा, आणि त्याच्या पाठीला जत्रेतल्या फुगेवाल्यासारख्या वायरी लटकलेल्या: प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, वाय-फायचा डोंगल, कीबोर्ड, माउस, शिवाय गिऱ्हाइकांचे येणारे-जाणारे पेन ड्राइव्ह. मी पहिल्यांदा गेलो तो जून महिना होता, अकरावीच्या प्रवेशाचे अर्ज चालू, दुकानाबाहेर पोरांची रांग.

"दादा, ह्याला सकाळी चहा लागतो," वहिनी म्हणाल्या. "दोनदा मारला की तिसऱ्यांदा उठतो."

मी हसलो. हसायला नको होतं, कारण रोगाचं निदान त्या वाक्यातच होतं.

त्या दिवशी पडद्यावर इंग्रजीत 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही' अशा अर्थाची ओळ होती. मागे वाकून बघितलं तर कुणाचा तरी पेन ड्राइव्ह राहिलेला. काढला, सुरू झालं. बायोसमध्ये जाऊन हार्ड डिस्क पहिल्या नंबरवर आणली, पैसे घेतले, निघालो. दहा मिनिटांचं काम.

दोन दिवसांनी फोन. पेन ड्राइव्ह पुन्हा राहिला होता, आणि पुन्हा तीच ओळ. बायोस उघडला तर यूएसबी परत पहिल्या नंबरवर! मला वाटलं कुणीतरी हात घातला. वहिनी म्हणाल्या, इथे माझ्याशिवाय कुणी बसत नाही. मग मी जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला: रात्री जाताना काय करता?

"मेन स्विच बंद करते. वर माणसं राहतात, सगळं लाकूडकाम आहे. उगाच कशाला भीती."

त्यांचं बरोबरच होतं. पण मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. भिंतीतून वीज मिळत असेल तोवर बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ एसएमपीएसच्या जिवावर टिकतं. मेन बंद केला की सगळा भार या सेलवर. वहिनींचा सेल मीटरवर २.१ व्होल्ट दाखवत होता. म्हणजे रोज रात्री बायोस सगळं विसरून कंपनीच्या मूळ सेटिंगवर जात होता, आणि या बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये यूएसबी पहिली होती. जाता जाता वहिनींनी आणखी एक सांगितलं: "सकाळी सरकारी साइट उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. अर्ध्या तासाने आपोआप उघडते." ते याचंच भावंड. घड्याळ मदरबोर्डच्या जन्मसालावर जाऊन बसायचं, त्यामुळे साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला भविष्यातलं वाटायचं. विंडोजने इंटरनेटवरून वेळ दुरुस्त केली की साइट उघडायची. तेव्हा सकाळी चालू केल्यावर कोपऱ्यातली तारीख चुकीची दिसली तर बाकी काहीही करायच्या आधी सेल बदला. खर्च दोन वडापाव आणि चहाएवढा.

सेल बदलला. मला वाटलं, सुटलो.

दहा-बारा दिवसांनी तिसरा फोन. आता इंग्रजी ओळ नाही, पेन ड्राइव्हही नाही. पंखा फिरतो आणि बसतो. मी दुपारी गेलो तर अर्थातच सगळं व्यवस्थित. मेन बंद करून वीसेक मिनिटं थांबलो, चालू केलं: मेलं. वेबकॅम काढला: सुरू झालं. सापडला चोर, असं म्हणून मी वेबकॅम पिशवीत घातला. सहज खात्री म्हणून वेबकॅम परत लावला, मशीन पुन्हा थंड होऊ दिलं आणि या वेळी अंगठ्याचं मशीन काढलं. तरीही सुरू! वेबकॅम आणि अंगठा दोन्ही ठेवून वाय-फाय डोंगल काढला. तरीही सुरू.

इथे माझी ट्यूब पेटली. कुठलीही एक वस्तू काढल्यावर रोग बरा होत असेल तर रोग त्यातल्या एकाही वस्तूत नाही. बैलगाडीवर दहा पोती आहेत आणि गाडी हलत नाही. कुठलंही एक उतरवलं की हलते. पोतं बदलून काय उपयोग, बैल बघायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शटर उघडायच्या आधीच मी मीटर घेऊन हजर. कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएसमधून ५ व्होल्टची एक धार चालूच असते. त्याला स्टँडबाय म्हणतात, आणि मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या जाड जुडग्यात तिची वायर जांभळी असते. पॉवरचं बटण दाबलेलं मदरबोर्डला कळतं ते या धारेमुळेच. पुष्कळ बोर्डांवर यूएसबी पोर्टांनाही वीज इथूनच जाते. म्हणून तर कॉम्प्युटर बंद करूनही माउसचा लाल दिवा जळत राहतो. ही धार ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत असली पाहिजे. मेन चालू केला, सगळं यूएसबी लावलेलं, कॉम्प्युटरचं बटण अजून दाबलेलं नाही: ४.४. सगळं काढलं: ४.९. परत सगळं लावलं आणि वहिनींच्या पद्धतीने दोनदा 'मारलं': ४.६, ४.७, आणि तिसऱ्यांदा मशीन उठलं.

एसएमपीएसमधले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिची धार स्थिर ठेवणारे भाग, वयाने सुकतात. सुकलेला कपॅसिटर थंड असताना जास्त नालायक असतो आणि थोडा तापला की बरा वागतो. वहिनींचा 'चहा' तो हाच. पहिल्या दोन प्रयत्नांत एसएमपीएसचं अंग गरम होत होतं. नवा एसएमपीएस लॅमिंग्टन रोडवरून आणला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कुणालाही त्या नावाने विचारून बघा! घेताना बॉक्सवरचे वॉट वाचू नका, तो आकडा कागदाला पेलतो, आतल्या मालाला पेलेलच असं नाही. बाजूच्या स्टिकरवरची '५ व्होल्ट स्टँडबाय' ही ओळ वाचा. तिथे २ अँपिअर किंवा जास्त हवेत. आणि हातात घेऊन बघा. पत्र्याचा रिकामा डबा उचलल्यासारखा वाटला तर परत ठेवा.

एक कळकळीची सूचना. मीटर लावणं वेगळं आणि एसएमपीएसचा डबा उघडणं वेगळं. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. कपॅसिटर बदलून एसएमपीएस जगवणारे जुने कारागीर आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे, पण घरी हे करू नका.

तिसऱ्या फेरीचे पैसे मी फक्त सामानाचे घेतले. लाज वाटली.

कोण किती खातं

सगळ्याच वस्तू यूएसबीतून सारखी वीज ओढत नाहीत. यूएसबी २.० च्या पोर्टातून एका वस्तूने जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर घ्यावेत असा नियम आहे, निळ्या जिभेच्या ३.० च्या पोर्टातून ९००. कीबोर्ड-माउस यातलं चिमूटभर घेतात. प्रिंटर तर स्वतःचा डबा घरून आणतो: त्याला वेगळी पॉवर केबल असते, यूएसबीतून तो जवळजवळ काहीच घेत नाही. खादाड म्हणजे बिनअडॅप्टरची एक्स्टर्नल हार्ड डिस्क. तिची तबकडी फिरायला लागते त्या क्षणी ती मोठा घास घेते, आणि हा क्षण नेमका कॉम्प्युटर उठायच्या वेळीच येतो. आणि हो, पोर्टाला चार्जिंगला लावलेला मोबाइल. 'तो फक्त चार्जिंगला आहे' असं म्हणून लोक तो मोजतच नाहीत.

म्हणून काही जण अडॅप्टरवाला हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी, घेतात. चांगलं आहे, पण स्वस्त हबांमध्ये एक खोड असते: अडॅप्टरची वीज वस्तूंकडे जायच्याऐवजी वायरीतून उलटी मदरबोर्डमध्ये शिरते. मग मशीन धड बंदही होत नाही आणि धड चालूही. तपासायला सोपं आहे. कॉम्प्युटरचा भिंतीवरचा स्विच बंद करा, हबचा अडॅप्टर मात्र चालू ठेवा. आता कॉम्प्युटरला लावलेल्या कीबोर्डाचा दिवा लागला, मदरबोर्डवर एखादा ठिपका चमकला, तर हब उलटा वाहतोय. तो परत करा किंवा अडॅप्टर काढून साध्या हबासारखा वापरा.

निळी स्क्रीन येत असेल तर

निळी स्क्रीन पाहून घाबरायचं कारण नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात विंडोज ९८ लोकांना दाखवताना स्कॅनरची यूएसबी वायर लावली आणि खुद्द बिल गेट्स यांच्यादेखत मोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली होती. तेव्हा आपण कोण.

ती वाचता यायला हवी, एवढंच. पटकन येऊन जात असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' इथे जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढा, म्हणजे ती तुमच्यासाठी थांबेल. खालच्या कोड नावांपैकी 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' दिसलं तर समजा, एखादा ड्रायव्हर झोपताना-उठताना वेळेत उत्तर देत नाही. 'बगकोड यूएसबी ड्रायव्हर' हे नावातच स्पष्ट आहे. मशीन रिस्टार्ट झाल्यावर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडते आणि लोक तिचं नाव घेऊन माझ्याकडे येतात. ती नोंद रोगाचं नाव नाही, नुसता पंचनामा आहे: मशीन नीट बंद न होता पडलं. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा आकडा, ० असेल तर बहुधा निळी स्क्रीन आलीच नव्हती. मग परत वीज बघा. काही आकडा असेल तर ड्रायव्हरकडे वळा.

दादरला एका सीएंच्या ऑफिसात डिजिटल सहीच्या टोकनाने हा खेळ केला होता. टोकन लावून ठेवलं की दुसऱ्या दिवशी ठिपक्यांवर निळी स्क्रीन. त्यांच्याकडे गेल्या पाच वर्षांत तीन वेगवेगळी टोकनं आली-गेली, आणि तिन्हींचे ड्रायव्हर अजून मशीनमध्ये नांदत होते. डिव्हाइस मॅनेजर उघडून व्ह्यू मेनूत 'शो हिडन डिव्हाइसेस' केलं की आज न लावलेल्या वस्तूही फिकट दिसतात. टोकन बाहेर काढलं, जुन्या दोघांचे पुंजके 'डिलीट द ड्रायव्हर' टिक करून काढले, जुनी सॉफ्टवेअरं कंट्रोल पॅनलमधून काढली, रिस्टार्ट मारला, आणि मग फक्त चालू टोकनाचा नवा ड्रायव्हर टाकला. शिवाय यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला ही वस्तू बंद करू द्या' अशा अर्थाची टिक काढली. ऑफिसच्या मशीनवर त्या वाचवलेल्या विजेत एक मुंगीसुद्धा तरणार नाही.

त्या यादीत एकच वस्तू पाच-सहा वेळा दिसली तर दचकू नका. वस्तूला स्वतःचा अनुक्रमांक नसेल तर तीच वस्तू दुसऱ्या पोर्टात लावल्यावर विंडोजला ती नवीन वाटते आणि ते नवा संसार मांडतं. म्हणून वस्तूंचे पोर्ट ठरवून टाका आणि त्यावर चिकटपट्टी लावून नावं लिहा.

वजनकाटे, जुने बारकोड स्कॅनर यांना लागणाऱ्या यूएसबी-सीरियल वायरींबद्दल एक सावधगिरी. त्यांत नकली चिपा सर्रास असतात. २०१४ मध्ये एका चिप कंपनीच्या ड्रायव्हर अपडेटने आपल्या नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता आणि जगभर चालत्या वायरी एका रात्रीत मुक्या झाल्या. तुमची वायर अपडेटनंतर बिघडली असेल तर आधी दुसरी वायर लावून बघा.

चाळीतलं अर्थिंग

इथे मला दोन शब्द जास्त बोलायचे आहेत, कारण मुंबईच्या जुन्या इमारतींत याच्याइतकं दुर्लक्षित कारण दुसरं नाही. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेस्टर लावा. लागला दिवा? हात फिरवताना बारीक मुंग्या येतात? मग अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतली खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोघांकडून अर्थकडे. अर्थ तुटलेली असली की हे दोघे मिळून कॅबिनेटचा पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास नेऊन ठेवतात. करंट अगदी थोडा असतो, माणूस चरकतो एवढंच. पण प्रिंटर दुसऱ्या खोलीतल्या अर्थिंग असलेल्या बोर्डावर असेल तर यूएसबी वायरीच्या जाळीतून हा भार तिकडे धावतो. वायर लावताना ठिणगी उडते, मशीन अडकतं, आणि पोर्टाची नाजूक चिप कधीतरी जाते. दोष प्रिंटरचा ठरतो.

भिंतीत तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं धरून चालू नका. कित्येक खोल्यांत हिरवी वायर सॉकेटपासून निघते आणि बोर्डाच्या मागे संपते. वायरमनकडून ती मीटरपर्यंत तपासून घ्या. नळाला वायर गुंडाळायचा शहाणपणा कुणी सुचवला तर ऐकू नका, शेजारचा आंघोळ करत असेल. तोवर निदान कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर ठेवा, आणि यूएसबी वायर जोडायच्या आधी सगळ्यांचे स्विच बंद करा.

पावसाळा संपला की आणखी एक पीक येतं: पोर्ट. खाऱ्या दमट हवेने पुढच्या पोर्टांच्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, किंवा पेन ड्राइव्ह उलटा दाबून पोर्टाची जीभ वाकलेली असते. काही मदरबोर्ड पडद्यावर सरळ सांगतात की यूएसबीत जादा करंट आहे आणि १५ सेकंदांत मशीन बंद होईल. लोक म्हणतात, पण काहीच लावलेलं नाही! बरोबर, लावलेलं नाहीच, पोर्टातल्याच पिना एकमेकींना चिकटल्यात. मेन बंद करून कॅबिनेट उघडा, पुढच्या पोर्टांची ९ पिनांची वायर मदरबोर्डवरून उपटून ठेवा. संदेश गेला तर पुढचे पोर्ट विसरा आणि मागचे वापरा. कॅबिनेट वाचला, मदरबोर्डही वाचला.

बायोसमध्ये शिरलातच तर एक लक्षात ठेवा. 'लेगसी यूएसबी सपोर्ट' (विंडोज उठायच्या आधी यूएसबी वस्तू चालवणारी सोय) बंद करा असा सल्ला काही जण देतात. प्रिंटरच्या कार्डखाचेवर अडकणाऱ्या मशीनला त्याने फरक पडतोही. पण काही बोर्डांवर त्यानंतर यूएसबी कीबोर्ड बायोसमध्ये चालायचाच बंद होतो, मग ते सेटिंग परत चालू कशाने करणार? मग सेल काढून बायोसला विसरायला लावण्याची पाळी येते. आधी यूएसबीचा नंबर हार्ड डिस्कच्या मागे टाका, फास्ट बूट (बायोस आपली तपासणी आटोपती घेतो ते सेटिंग) चालू-बंद करून बघा, प्रिंटरचं स्वतःचं बटण सकाळी कॉम्प्युटर उठल्यावर दाबायची सवय लावा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

लॅपटॉपवाल्यांना एसएमपीएसचा ताप नाही, पण त्यांच्याकडे डॉक आणि टाइप-सी हब असतात. तिथे पहिला संशय हबवर घ्या, थेट लॅपटॉपला लावून बघा.

चाचणी घेताना घाई मात्र करू नका. दर वेळी मेन बंद, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आतली वीज जिरवायची, अर्धा तास थांबायचं. एका सकाळी एकच बदल, आणि काय केलं ते मागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. दुरुस्तीवाला आला की ते कॅलेंडर त्याच्या हातात द्या.

वहिनींच्या दुकानात आता मेन चालू केल्यावर मशीन पहिल्या फटक्यात उठतं. त्या रात्री मेन बंद करतात तो करतातच. वेबकॅमवर मी 'निर्दोष' अशी चिठ्ठी लावून ठेवली. पहिल्या दिवशी सापडलेला पेन ड्राइव्ह अजून काउंटरवर दोऱ्याला लटकतोय. कुणी न्यायला आलेलं नाही.